खुलासेबाबू आणि मेलेली शेळी

आमच्या तारघरातून मरणाची बातमी पाठवायची असली तरी आधी खुलासा करावा लागे. डोळे सुजलेला माणूस खिडकीतून फॉर्म आत सरकवी. बाबू तो वाचत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "'काका गेले' म्हणजे कुठे गेले? खुलासा करा." माणूस म्हणे, "वारले जी." "मग तसं लिहा. नुसतं 'गेले' पाठवलं तर उद्या मला वरून विचारतील, कुठे गेले म्हणून." माणूस फॉर्म दुरुस्त करी, बाबू शब्द मोजत, आणि तेव्हा कुठे काकांची सुटका होई.

गाव त्यांना खुलासेबाबू म्हणे. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहू दे. गावाचंही नाव लिहीत नाही, वर्ध्याजवळच्या सेलूहून एस.टी. नागपूरच्या बाजूला निघाली की वाटेत लागतं, एवढं पुरे. पोस्ट आणि तार एकाच खोलीत होते. ते तारेच्या खिडकीत, मी शेजारी तिकिटांच्या. आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी रुजू झाले आणि त्यांच्या निवृत्तीपर्यंत, दहाएक वर्षं, त्यांचं "खुलासा करा" उजव्या कानाने ऐकत राहिले.

मला याद्या करायची सवय आहे. घरातल्या डब्यांची यादी आहे, दुरुस्तीच्या कामांची आहे, लग्नात कोणी येतो म्हणून आलं नाही त्यांचीही आहे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी एक वही घातली: बाबूंनी नाकारलेल्या तारा. रकाने चार. क्रमांक, तारीख, मजकूर, नाकारण्याचं कारण. वही पुरेशी भरली की वर्ध्याला साहेबांकडे पाठवायची, असा बेत होता. पाचव्या पावसाळ्यापर्यंत दुसरी वही लागली.

बाबूंचं बळ एका जाड नियमावलीत होतं. मेणकापडाच्या पिशवीत घालून ते ती सायकलच्या दांडीला बांधून घरून आणत आणि संध्याकाळी परत नेत. ऑफिसच्या कपाटावर त्यांचा विश्वास नव्हता. नियम साधा होता. तारेचा मजकूर उघड्या भाषेत हवा, म्हणजे वाचणाऱ्याला समजेल असा. ज्याचा अर्थ फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच ठाऊक, ती सांकेतिक भाषा, आणि तिच्यावर निर्बंध. आमचा मुलूख कापसाचा. भाव तारेनेच येत-जात आणि कोणताही व्यापारी आपला भाव सरळ लिहीत नसे. तेव्हा नियमाला कारण होतं. बाबूंनी त्या कारणाला लोणी लावून वाढवलं.

नियमावलीच्या शेवटी परदेशी तारांचं कोष्टक होतं. कोणत्या देशात सांकेतिक भाषा चालते, कुठे कोणत्या पुस्तकातले शब्द वापरले ते आधी सांगून चालते, कुठे फक्त सरकारला चालते, कुठे मुळीच नाही. अमरावतीच्या पलीकडे न गेलेल्या या माणसाला ते सगळं पाठ होतं. दुपारी ग्राहक नसला की ते मला एकेक देश ऐकवत. एका बेटाचं नाव त्यांना उच्चारता येत नसे, पण तिथे सगळं चालतं म्हणून त्या बेटावर त्यांचा राग होता. "काय देश म्हणायचा, बाई! कोणीही काहीही लिहावं?" असं म्हणताना त्यांचा चेहरा असा होई की जणू ते बेट त्यांच्या शेजारी राहतं आणि रोज कचरा यांच्या अंगणात टाकतं.

गावातून परदेशी तार वर्षातून दोनदा जायची. कोष्टकाचा राग मग देशी तारांवर निघे. 'गूळ पाठवू नका' ही तार त्यांनी दीड तास अडवली. 'बाळाचं नाव विजय ठेवलं' ही आणीबाणीत आली, तेव्हा त्यांनी बाळाच्या आजोबांना खिडकीतून आत बोलावून दार लावलं आणि हळूच विचारलं, "कोणाचा विजय?" आजोबा म्हणाले, "माह्या लेकीचा जी. चौथ्या खेपेले पोरगा झाला." बाबूंनी तीन पोरींची नावं विचारून घेतली आणि मगच यंत्राला हात लावला. घरीही तेच. बाबूंच्या घरच्या काकू एकदा माझ्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मीठ संपलं म्हणलं तरी विचारते, संपलं म्हणजे किती संपलं?"

त्यांना उत्तर देऊ शकणारा गावात एकच माणूस होता, कापसाचा दलाल मुरलीशेठ. मुरलीशेठची मामी मुंबईला होती. म्हणजे तारेत होती. मामीला ताप चढला की कापूस चढलेला असे आणि मामीला डॉक्टरने झोपवून ठेवलं की माल विकायचा नसे. हे गावातल्या बैलांनाही ठाऊक होतं.

"मामीला दोन चमचे जास्त द्या," बाबू वाचत. "खुलासा करा."

"काय करू साहेब खुलासा," मुरलीशेठ टोपी काढून हातात घेई. "पोटाचं आहे. डॉक्टर म्हणते काही सांगता येत नाही. मले त्या मामीनं वाढवलं."

"अरेरे. वय काय असेल?"

"साठच्या वर, साहेब."

"जपा त्यांना," असं म्हणून बाबू तार लावत, आणि पुढच्या वेळी मामीची चौकशी आधी स्वतःच करत. कधी कधी वाटे, बाबूंना सगळं कळतं. पण नाही. उघड्या भाषेची त्यांची व्याख्या अशी होती की विचारल्यावर जो न अडखळता उत्तर देतो, त्याची भाषा उघडी. कापसाच्या हंगामात मामी आठवड्याला दोनदा अत्यवस्थ होई. मुरलीशेठची एकही तार माझ्या वहीत नाही.

जाताना तोच त्यांना चिमटा काढी. "बाबू, लग्नाच्या शुभेच्छांची तार तुम्ही नुसता नंबर टाकून पाठवता. तिकडे नंबर वाचून आशीर्वाद लिहिते. ते सांकेतिक नाही काय?"

"ते सरकारी आहे," बाबू म्हणत. विषय संपे.

आता देवकाबाईकडे येते. ही नोंद दुसऱ्या वहीत आहे.

देवकाबाई कापूस वेचायला जाई. नवरा श्रावण जिनिंगमध्ये होता. रुईची धूळ खाऊन छाती गेली तेव्हा घरी बसला. एकुलता मुलगा मिलिंद वेल्डिंग शिकून आखातात गेला. गावाच्या लेखी आखातातले सगळे देश म्हणजे दुबई, म्हणून तोही दुबईला होता. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच एका देशात होता, ज्याची शेजाऱ्याशी लढाई जुंपली होती. बाबूंच्या कोष्टकात त्या देशापुढे नुकत्याच आलेल्या परिपत्रकावरून लाल शाईने लिहिलं होतं: सांकेतिक मुळीच नाही.

मिलिंदला आदल्या वर्षी एक तार गेली होती. 'माय सिरीयस, ताबडतोब नीघ.' पोरगा कसाबसा रजा मिळवून, दोन देश ओलांडून धावत आला, तर माय चुलीपुढे भाकरी थापत होती आणि मामा मुलीचा फोटो घेऊन बसला होता. लग्न जमवायला बोलावलं होतं. मिलिंदची नोकरी जाता जाता राहिली. परत जाताना त्याने आईबापाला सांगितलं, "आता कोणी मेलं म्हणून लिहिलं तरी मी येणार नाई. खरंच काही झालं तर तारेत 'मंगळी व्याली' असं लिहजो. तरच निंघीन." मंगळी त्यांची शेळी. ती मरून तीन वर्षं झाली होती. मेलेली शेळी व्यायली असं दुसरा कोणी चुकूनही लिहिणार नाही, म्हणून पोराने ती निवडली. हुशार पोरगा होता.

ती आदल्या वर्षीची खोटी तार आमच्याच तारघरातून गेली होती. बाबूंनी ती एका मिनिटात लावली. खोटी होती, पण उघडी होती.

दिवाळीनंतरची गोष्ट. श्रावणला दवाखान्यातून घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस, फार तर. देवकाबाई सकाळी शेत सोडून तशीच तारघरात आली. लुगड्याला कापसाचे धागे चिकटलेले. इंग्रजी फॉर्म मीच भरून दिला. बाप सिरीयस, ताबडतोब नीघ, मंगळी व्याली.

बाबूंनी वाचलं. चष्मा वर गेला. "मंगळी कोण?"

"आमची शेळी जी."

"नवरा सिरीयस आहे आणि तुम्ही शेळी व्याल्याचं पोराला कळवता? खुलासा करा."

इथे मुरलीशेठ असता तर त्याने शेळीचं दूध, नवऱ्याचं पथ्य आणि पोराचं शेळीवरचं प्रेम असं काही तरी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं असतं आणि तार गेली असती. देवकाबाईने विचारलं तेवढं खरं सांगितलं. शेळी मेली, कधी मेली, पोरगा काय बोलून गेला, सगळं. शेवटी म्हणाली, "म्हणून जी, ते लिहिलं तरच थो येईन."

बाबूंनी फॉर्म परत सरकवला. "बाई, हीच तर सांकेतिक भाषा. शब्द एक, अर्थ दुसरा, आणि तो फक्त तुम्हा दोघांना ठाऊक. आपल्या इथलं एक वेळ पाहिलं असतं. त्या देशात मुळीच चालत नाही. लढाई चालू आहे. तिकडे तार अडकेल आणि पोराला उचलतील. शेळीचं खोडा, बाकी लावतो."

"शेळीचं खोडलं तर थो येणार नाई ना, बाबू."

"मग माझा नाइलाज आहे."

"काऊन पण? मी काय चोरी करून राह्यली का? तुमी इचारलं, मी सांगतलं."

"तेच ना," बाबू म्हणाले, आणि खरोखर हळहळून म्हणाले. "तुम्ही सांगितलंत."

ती फॉर्म घेऊन पायरीवर बसली, मग उठून गेली. मी काय केलं तेही लिहिते, कारण यादी करणाऱ्याने आपली नोंद गाळू नये. मी हसले. मेलेली शेळी, व्याली, परदेशी तार! वहीतली आजवरची सर्वांत झकास नोंद. मी वही काढली, क्रमांक टाकला, तारीख टाकली, मजकूर लिहिला आणि डबा खाल्ला. कारणाचा रकाना तेवढा रिकामा राहिला, कारण त्यात काय लिहावं ते सुचेना. संध्याकाळी घरी भाजी निवडताना तो रकाना डोळ्यांपुढे आला, आणि तेव्हा कुठे त्या बाईचा चेहरा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी तिच्या घरी गेले. श्रावण छपरीत खाटेवर होता. श्वास लांबून ऐकू येई. अंगणात एक शेळी, तिच्या पायांत दोन पिलं.

"ही कधी व्याली?"

"परवाच्या दिवशी. पण हे मंगळी नाई, बाई. मंगळी मेली."

"हिचं नाव काय?"

"हिले कायचं नाव? हुर्र म्हणलं का येते."

"आजपासून हिचं नाव मंगळी. चला."

खिडकीशी मी बाबूंना म्हटलं, "बाबू, मंगळी व्याली. खरोखर. दोन पिलं आहेत." बाबूंनी देवकाबाईकडे पाहिलं. "हे नाव कधी ठेवलं?" मी तिला डोळ्यांनी खुणावत होते. ती बाई म्हणाली, "आत्ता जी, येता येता."

मी कपाळाला हात लावला.

बाबूंनी नियमावली उघडली. पुढून चाळली, मागून चाळली, कोष्टकावर बोट फिरवलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शेळीचं नाव कधी ठेवावं, याबद्दल कोणत्याच देशाचं काही म्हणणं दिसत नाही." मग पिशवी दांडीला बांधली. "पण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत सरकारी तारमास्तर शेळीच्या चौकशीला वस्तीत गेले. मी मागे होते. अंगणाच्या मधोमध उभं राहून, काळ्या कोटात, त्यांनी हाक मारली, "मंगळी!" शेळीने मान फिरवून दुसरीकडे पाहिलं. "मंगळे! ए मंगळे!" शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बाबूंनी वाकून, तुरीचा पाला हातात घेऊन पुन्हा हाक मारली. शेळीने पाला खाल्ला आणि त्यांच्याकडे पाठ केली. "हिला नाव लागू नाही," बाबू घाम पुसत म्हणाले.

खाटेवरून श्रावण म्हणाला, "हुर्र, मंगळे." शेळी दोन पिलांसकट खाटेपाशी गेली. त्याला हसू आलं, हसण्याची खोकल्यात उबळ आली, आणि ती थांबल्यावर तो म्हणाला, "मेलेली लय गुणाची होती, बाबू. हे उनाड आहे." आणि मग, "पोरगा येईन ना?"

बाबूंनी सायकलला हात घातला. परतताना त्यांनी ती अशी हाणली की मी वीस मिनिटं मागे राहिले. मी पोचले तेव्हा फॉर्मच्या कोपऱ्यावर 'मजकुराची प्रत्यक्ष खात्री केली' असा शेरा होता आणि यंत्र खटखटत होतं. वर्ध्याहून पोच आल्याशिवाय ते उठले नाहीत. मी त्यांना पोच मागताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तार पोचली. मिलिंदने मंगळी वाचली आणि निघाला. श्रावण सातव्या दिवशी संध्याकाळी गेला. मिलिंद आठव्या दिवशी दुपारी एस.टी.तून उतरला.

एका दिवसाचं गणित करायला वही लागत नाही. देवकाबाईने ते केलं नाही किंवा कोणाला दाखवलं नाही. पंधरा दिवसांनी ती तारघरात आली आणि बाबूंपुढे दुधाचा गडू ठेवला. "मंगळीचं आहे जी. तुमच्यानं पोरगा आला. एक दिस उशीर झाला, पण विमानाचं काय सांगावं." नियमाप्रमाणे ग्राहकाकडून काही घेता येत नाही. मी वाट पाहत होते की बाबू आता कलम सांगतील. त्यांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला, दूध त्यात ओतून घेतलं आणि गडू विसळून परत दिला. दिवसभर ग्लास तसाच टेबलावर होता. संध्याकाळी ते तो घेऊन मागच्या दाराने बाहेर गेले. प्यायले की ओतलं, मला ठाऊक नाही.

त्यानंतर बाबू सुधारले असं कोणाला वाटेल, तर तसं काही नाही. पुढच्याच सोमवारी त्यांनी एका मास्तरांची तार 'परीक्षा' या शब्दावरून अर्धा तास ठेवून घेतली. बदल झाला तो एवढाच की ते खुलासा मागेनासे झाले. उलट माणूस बोलू लागला की हात वर करत. "नाही, नाही. मला काही सांगू नका. फक्त लिहा. जेवढं लिहिलं तेवढंच मला ठाऊक." कोणी सवयीने सांगायला लागला तर कानावर हात ठेवत. याचा सर्वांत मोठा फटका मुरलीशेठला बसला. टोपी काढून तो मामीचं सांगू लागे आणि बाबू फॉर्मवर शिक्का मारून मोकळे होत. "आता मामीबद्दल कोणी विचारतही नाही," असं तो माझ्या खिडकीशी येऊन खरोखर दुखावून म्हणाला.

निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, भाषण झालं. सगळे गेल्यावर बाबू माझ्या खिडकीशी आले. "बाई, ती वही द्या."

"कोणती?"

"माह्यावरची. मले काय ठाऊक नाई का?" ऑफिसच्या खोलीत त्यांच्या तोंडून वऱ्हाडी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी दोन्ही वह्या दिल्या. ते स्टुलावर बसून पहिल्या पानापासून वाचत गेले. गुळाच्या तारेला हसले. विजयला तर डोळे पुसेपर्यंत हसले. "पाठवली काऊन नाई वर्ध्याले?" मी म्हटलं, राहून गेलं. दुसऱ्या वहीत मध्येच त्यांचं बोट थांबलं. चार रकान्यांतला एक रिकामा.

त्यांनी माझ्या खिडकीतलं पेन घेतलं. हस्ताक्षर त्यांचं सुरेख होतं, प्रत्येक अक्षर सुटं, वर्ध्याच्या साहेबांनाही वाचता येईल असं. 'नाकारण्याचं कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं: प्रेषक खरे बोलली. पुढे पूर्ण सही केली आणि सहीखाली तारीख घातली. ती निवृत्तीच्या दिवसाची नव्हती, त्याच ओळीतल्या तारखेच्या रकान्यातली होती.